डबल बास व बास गिटार : मुंबई उपनगरांतील निवड व निगा

पाश्चात्त्य वाद्यवृंदातील सर्वांत खालच्या सप्तकाची तंतुवाद्ये. डबल बास हे जमिनीवर उभे टेकवून गजाने किंवा बोटांनी छेडून वाजवावयाचे पोकळ लाकडी वाद्य होय. तर बास गिटार हे गळ्यात अडकवून वाजवावयाचे, पडदे बसविलेले आणि पिकअप या विद्युत्-चुंबकीय घटकाच्या साहाय्याने ध्वनी देणारे वाद्य होय. मुंबईत ही दोन्ही वाद्ये प्रामुख्याने हॉटेलांतील नृत्यवृंद, चित्रपटसंगीत, चर्चशी निगडित संगीत आणि गणेशोत्सव-नवरात्रातील ऑर्केस्ट्रे यांच्याद्वारे रुजली. त्यांचे अनेक वादक वांद्रे ते बोरिवली व कुर्ला ते मुलुंड या उपनगरी पट्ट्यात राहत आले आहेत. या पट्ट्यात वाद्य कोणते घ्यावे आणि ते कसे राखावे, हा प्रश्न केवळ आवडीचा राहिला नाही. समुद्रकाठची दमट हवा, घरांचा लहान आकार, कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि आयातीची टंचाई या चार गोष्टींनी त्याचे उत्तर बऱ्याच अंशी ठरविले. या वाद्यांचा येथील इतिहास त्यामुळे त्यांच्या निगेचाही इतिहास ठरतो.

स्वरूप : डबल बासची उंची सु. १८० सेंमी. असते. ‘तीन-चतुर्थांश’ या नावाने ओळखला जाणारा आकार सर्वत्र अधिक प्रचलित असून त्यात मेरूपासून घोडीपर्यंत तारेची कंपनशील लांबी सु. १०५ सेंमी. भरते. चार तारा ई, ए, डी व जी या स्वरांत लावतात. हार्मोनियमच्या परिभाषेत हे स्वर अनुक्रमे पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन व पांढरी पाच होत. त्यांची कंप्रता अनुक्रमे ४१.२, ५५, ७३.४ व ९८ हर्ट्‌झ असते. बास गिटारच्या तारा याच स्वरांत लावतात. मात्र तिच्या तारेची प्रमाणभूत लांबी सु. ८६ सेंमी. असते. दोन्ही वाद्यांचे स्वरलेखन प्रत्यक्ष ध्वनीपेक्षा एक सप्तक वर करण्याचा प्रघात आहे.

हिंदुस्थानी संगीतात तंबोऱ्याचा खर्ज स्थिर राहतो व त्यावर गायकाचा स्वर फिरतो. पाश्चात्त्य स्वरसंवादात मात्र तळाचा स्वरही दर मात्रेला किंवा आवर्तनाला बदलतो आणि वरच्या स्वरसमूहाचा अर्थ त्यावरून ठरतो. हे चल खर्जाचे काम बास वाद्ये करतात. ऐकणाऱ्याला ती वेगळी जाणवतातच असे नाही. परंतु ती थांबली, की संपूर्ण रचना आधार सुटल्यासारखी वाटते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मुंबईत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हॉटेले, क्लब व मूकपटगृहे येथे पाश्चात्त्य वादकांना काम मिळत असे. १९३५ मध्ये लिऑन ॲबे या अमेरिकन वादकाचा जाझवृंद ताजमहाल हॉटेलात वाजू लागला. त्याच वर्षी मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा हा वाद्यवृंद स्थापन केला. नृत्यवृंद व सिंफनी वाद्यवृंद या दोन्ही प्रकारांत डबल बासला जागा असते. पहिल्यात ते बहुधा बोटांनी, तर दुसऱ्यात मुख्यत्वे गजाने वाजवितात.

या वाद्यांचे वादक मोठ्या संख्येने गोमंतकीय होते. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलेखन वाचण्याचे व व्हायोलिनचे शिक्षण मिळे. गोव्यात उपजीविकेची साधने मर्यादित असल्याने या वादकांनी मुंबईची वाट धरली. प्रारंभी धोबीतलाव, माझगाव या भागांतील गावोगावच्या ‘कुडां’त त्यांचा मुक्काम असे. संसार थाटल्यावर त्यांतील अनेक जण वांद्रे, सांताक्रूझ, कलिना, अंधेरी, मालाडचे ओर्लेम आणि पुढे बोरिवलीची आय. सी. कॉलनी अशा वस्त्यांत स्थिरावले. साष्टीतील मूळच्या मराठीभाषी ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाची गावठाणेही याच परिसरात होती.

१९३१ मध्ये ‘आलम आरा’ हा बोलपट आला आणि १९३५ पासून पार्श्वगायनाची पद्धत सुरू झाली. चित्रपटनिर्मिती या सुमारास उपनगरांकडे सरकत होती : मालाडला बाँबे टॉकीज (१९३४), गोरेगावला फिल्मिस्तान (१९४३), चेंबूरला आर. के. स्टुडिओ (१९४८) व वांद्र्याला मेहबूब स्टुडिओ (१९५४) उभे राहिले. वाद्यवृंदाचा आकार वाढत गेला. महाराष्ट्रातील पुणतांबे येथे जन्मलेले संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–८२) यांनी ‘शहनाई’ (१९४७) व ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटांतून पाश्चात्त्य नृत्यसंगीताचा ढंग लोकप्रिय केला. चिक चॉकलेट या नावाने प्रसिद्ध असलेले गोमंतकीय ट्रंपेटवादक त्यांचे साहाय्यक होते. शंकर-जयकिशन यांच्यासाठी सेबॅस्टियन डिसूझा यांनी मोठ्या तंतुवाद्यसमूहाचे संयोजन केले. १९५८ मध्ये अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभारून सेंट झेविअर कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागांवर आधारित वाद्यवृंदरचना सादर केल्या. अशा रचनांत तळाचा आधार डबल बासकडे असे. चित्रपटाच्या श्रेयनामावलीत मात्र संगीतकार व गायक यांचीच नावे येत. वादकांची नावे क्वचितच नोंदली जात. परिणामी चित्रपटगीतांतील अनेक बासवादकांची ओळख केवळ त्यांच्या सहकाऱ्यांच्या स्मरणात राहिली.

वाहतुकीची अडचण : ताडदेव, महालक्ष्मी व वांद्रे येथील ध्वनिमुद्रणगृहे आणि वादकांची घरे यांत मोठे अंतर असे. चर्चगेटपासून बोरिवली सु. ३४ किमी., तर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून मुलुंड सु. ३१ किमी. अंतरावर आहे. व्हायोलिनवादक पेटी मांडीवर घेऊन लोकलने जाऊ शकतो; पण माणसाहून उंच असलेला डबल बास सकाळच्या गर्दीत डब्यात चढविणे जवळजवळ अशक्य असते. लगेजचा डबा किंवा टॅक्सीचे कॅरियर हेच पर्याय उरतात. ऑटोरिक्षा उपनगरांत सहज मिळते. मात्र तिला माहीम व शीव यांच्या दक्षिणेस प्रवेश नाही आणि तिच्यात डबल बास मावतही नाही. तीन-चार माणसांच्या एका खोलीच्या घरात हे वाद्य ठेवावयाचे, तर एक कोपरा कायमचा द्यावा लागतो. सु. ४ ते ५ किग्रॅ. वजनाची बास गिटार याउलट गवसणीत घालून पाठीवर नेता येते. या साध्या फरकाचा परिणाम पुढील बदलावर झाल्यावाचून राहिला नाही.

बास गिटारचे आगमन : अमेरिकेत पॉल टटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात पडदे असलेली आडवी विद्युत् बास तयार केली होती, तथापि तिचा प्रसार झाला नाही. लिओ फेंडर (१९०९–९१) यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेली ‘प्रिसिजन बास’ ही व्यापक प्रमाणावर स्वीकारली गेलेली पहिली बास गिटार होय. पडद्यांमुळे स्वर अचूक, म्हणजे ‘प्रिसाइज’ लागतो, यावरून हे नाव पडले. त्यानंतर जर्मनीतील हॉफनर या कंपनीने १९५६ मध्ये व्हायोलिनच्या आकाराची, पोकळ व आखूड मापाची बास तयार केली. फेंडरची ‘जाझ बास’ १९६० मध्ये आली.

मुंबईत १९६० नंतर ‘बीट’ संगीताच्या लाटेबरोबर तरुणांचे वाद्यगट निर्माण झाले. सिमला बीट या अखिल भारतीय स्पर्धेतील गटांच्या १९७० व १९७१ च्या ध्वनिमुद्रिका त्या काळाची साक्ष देतात. चित्रपटसंगीतात राहुलदेव बर्मन (१९३९–९४) यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ यांची बास गिटार हा लयविभागाचा महत्त्वाचा घटक होता. ध्वनिमुद्रण तेव्हा सर्व वादक एकत्र बसवून सलग होत असे. डबल बासचा ध्वनी खोलीत पसरतो व इतर वाद्यांच्या मायक्रोफोनांतही शिरतो. बास गिटारचा स्वर तारेवाटे थेट ध्वनिमुद्रकाकडे देता येतो, त्याची पातळी स्वतंत्रपणे राखता येते आणि प्रत्येक स्वराची सुरुवात रेखीव उमटते. ड्रम व बाँगो यांच्या द्रुत लयींशी जुळविण्यास हा गुण विशेष उपयुक्त ठरला. डबल बास गजाने वाजवावयाच्या दीर्घ, गंभीर स्वरांसाठी मागे राहिला.

वाद्य मिळविणे मात्र कठीण होते. परकीय चलनाच्या टंचाईमुळे स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवर कडक परवानापद्धती होती. १८६५ मध्ये स्थापन झालेल्या फुर्टाडो यांच्यासारख्या जुन्या वाद्यविक्रेत्यांकडे परदेशी माल मर्यादित प्रमाणात येई व त्याची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर असे. जहाजांवर काम करणारे गोमंतकीय ‘तारवटी’, विमानकंपन्यांचे कर्मचारी, आखाती देशांत गेलेले नातेवाईक आणि दौऱ्यावर आलेले परदेशी वादक यांच्यामार्फत वाद्ये, तारा व पिकअप येत. कोलकात्याच्या कारखान्यांत बनलेल्या गिटारी स्वस्त पडत. अशा परिस्थितीत निवड याचा अर्थ पुष्कळदा ‘जे हाती येईल ते वापरण्याजोगे करणे’ एवढाच उरे. वाद्य राखण्याचे कौशल्य म्हणून वादनाइतकेच महत्त्वाचे ठरले. ही परिस्थिती १९९१ च्या आर्थिक उदारीकरणानंतर क्रमाक्रमाने पालटली.

निवड : (१) डबल बासची तबली व पाठ कोरीव स्प्रूस व मेपल लाकडाची किंवा प्लायवूडची असते. कोरीव वाद्याचा नाद अधिक समृद्ध असतो. पण अखंड लाकूड आर्द्रतेनुसार तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते व आकसते आणि त्याला भेगा पडतात. प्लायवूडमध्ये एकावर एक आडवे-उभे चिकटविलेले थर परस्परांची हालचाल रोखतात. त्यामुळे मुंबईच्या हवेत, विशेषतः वातानुकूलित ध्वनिमुद्रणगृह आणि दमट घर यांत वारंवार ये-जा करणाऱ्या वादकाला, चांगले प्लायवूडचे वाद्य मध्यम प्रतीच्या कोरीव वाद्यापेक्षा अधिक टिकाऊ ठरते. वाद्य घेताना दांडीचा ध्वनिपेटीशी असलेला सांधा, कडांचे जोड व घोडीखालील तबली खचली आहे काय, या तीन गोष्टी प्रथम पाहाव्या लागतात.

(२) बास गिटारच्या दांडीचा सरळपणा हा निवडीचा मुख्य निकष होय. डोळ्यासमोर धरून तिला पीळ पडलेला दिसल्यास ती स्वस्त असूनही टाळणे श्रेयस्कर. वाक दुरुस्त करता येतो, पीळ सहसा करता येत नाही. स्वरपट्टीसाठी जगभर वापरले जाणारे शिसवी लाकूड बऱ्याच प्रमाणात भारतातून जाते. त्यामुळे परदेशाहून आणलेल्या वाद्याचा एक भाग मूळचा येथल्याच जंगलातला असण्याचा संभव असतो. ज्या वंशात शिसवीचा समावेश होतो, त्या वंशातील वृक्षांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली.

(३) तारांची संख्या ठरविताना गायकांच्या पट्टीचा विचार करावा लागतो. पाश्चात्त्य गटांची गाणी ई किंवा ए या स्वरांत असल्यास मोकळ्या तारांचा लाभ मिळतो. मराठी-हिंदी गायक मात्र काळी एक, काळी दोन किंवा काळी चार या पट्ट्या वारंवार घेतात. काळी एकचा अतिमंद्र षड्‌ज ३४.६ हर्ट्‌झवर येतो व तो चार तारांच्या वाद्याच्या कक्षेबाहेर असतो. ३०.९ हर्ट्‌झच्या बी स्वराची पाचवी तार असलेल्या वाद्यावर तो मिळतो. ऑर्केस्ट्रात गाणे आयत्या वेळी पट्टी बदलून गायले जाते. अशा वेळी मोकळ्या तारांवर न विसंबता कोणत्याही स्वरापासून तीच बोटरचना करता येणे, हा पाच तारांचा दुसरा लाभ होय. गोल वेटोळ्याच्या तारांचा ध्वनी खणखणीत असतो. चपट्या वेटोळ्याच्या तारांचा ध्वनी गोल व मऊ असून बोट सरकताना घासल्याचा आवाज येत नाही, म्हणून ध्वनिमुद्रणात त्या अनेकदा पसंत केल्या जातात. चपट्या तारा घाम व दमटपणा यांतही दीर्घकाळ समाधानकारक स्वर देतात.

(४) ॲम्प्लिफायर निवडताना शक्तीपेक्षा जागेचा विचार प्रथम करणे योग्य ठरते. ४१ हर्ट्‌झच्या स्वराची तरंगलांबी आठ मीटरांहून अधिक असते. चार मीटर लांबीच्या खोलीत तिच्या निम्मी लांबी मावत असल्याने ई व एफ या स्वरांच्या आसपास खोली स्वतःच घुमते. ते स्वर अवास्तव मोठे, तर शेजारचे स्वर दबलेले ऐकू येतात. वादक यंत्राला दोष देतो. वस्तुतः दोष खोलीचा असतो. खालच्या कंप्रता भिंतींना सहज जुमानत नाहीत. त्यामुळे चाळीत व इमारतींत सरावासाठी हेडफोन हाच शेजारधर्माचा उपाय ठरतो. मंडपातील भाषणासाठी वापरले जाणारे उंच, अरुंद ध्वनिक्षेपक या कंप्रतांसाठी घडविलेले नसतात. त्यांतून बास वाजविल्यास पडदे फाटण्याची भीती असते. ३० ते ३८ सेंमी. व्यासाचा स्वतंत्र ध्वनिक्षेपक आवश्यक असतो.

निगा : मुंबईत नैर्ऋत्य मोसमी पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतो. सांताक्रूझ येथे वर्षाला सु. २,३०० मिमी.हून अधिक पाऊस पडतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सापेक्ष आर्द्रता बहुधा ८० टक्क्यांच्या वर असते. लाकडी वाद्यांना ४० ते ६० टक्के आर्द्रता मानवते. हिवाळ्यातील कोरड्या दुपारी व पावसाळ्यातील ओल्या रात्री यांतील फरक हाच वाद्याचा खरा शत्रू होय.

पावसाळ्यात डबल बासची तबली फुगून वर येते, तिच्यावरील घोडी उंचावते आणि तारा स्वरपट्टीपासून दूर जाऊन वाजविणे कष्टाचे होते. हिवाळ्यात याच्या उलट घडून तारा पट्टीवर आपटतात. यासाठी दोन ऋतूंकरिता दोन घोड्या ठेवणे किंवा घोडीच्या पायांत फिरकीचे स्क्रू बसविणे, असे दोन उपाय आहेत. ध्वनिपेटीच्या आत तबली व पाठ यांच्यामध्ये एक लाकडी कांडी केवळ दाबाने उभी असते; फ्रेंच भाषेत तिला ‘आत्मा’ या अर्थाचे नाव आहे. चारही तारा एकाच वेळी सैल केल्यास ती कोसळते. म्हणून तारा बदलताना एकेक तार काढून लगेच नवी चढविण्याचा नियम पाळावा लागतो. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सरकविलेल्या दोऱ्यालाही आपल्याकडे ‘जीव’ म्हणतात. दोन दूरच्या परंपरांनी वाद्यातील एका नाजूक भागाला जवळपास एकच नाव द्यावे, हे लक्षणीय आहे.

डबल बासचे जोड सरसाने चिकटविलेले असतात. सरस उष्णता व ओलावा यांनी मऊ पडतो, त्यामुळे पावसाळ्यात कडा सुटतात. हा दोष भासतो, परंतु ती एक सोय आहे : जोड सुटल्याने लाकडावरील ताण मोकळा होतो व तबली फुटत नाही, शिवाय जोड पुन्हा सरसाने बसविता येतो. सुतारकामाचा पांढरा कृत्रिम डिंक वापरल्यास जोड सुटत नाही, मात्र पुढे लाकूडच चिरते व वाद्य उघडणे अवघड होते. मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांसारखी परंपरा तंबोरा-सतारीसाठी महाराष्ट्रात आहे. तेथील सतार व तंबोरा यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. डबल बाससाठी अशी पिढीजात परंपरा येथे निर्माण झाली नाही. दुरुस्तीचे ज्ञान व्हायोलिन दुरुस्त करणारे मोजके कारागीर आणि स्वतः वादक यांच्याकडेच राहिले.

गजाचे घोड्याचे केस दमट हवेत लांबतात, म्हणून वादनानंतर गज सैल करून ठेवतात. बासची राळ मऊ असते. मे महिन्यात ती वितळून वाहते, म्हणून ती उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नये. आतड्याच्या तारा दमट हवेत फुगत व तुटत; विसाव्या शतकाच्या मध्यानंतर पोलादी तारा सर्वत्र रूढ झाल्या, त्याचा मुंबईतील वादकांना विशेष लाभ झाला.

बास गिटारच्या चार तारांचा एकत्रित ताण सु. ७५ किग्रॅ. असतो. दांडीच्या पोटातील लोखंडी सळई त्याला तोलून धरते. ऋतू पालटला की दांडीचा वाक बदलतो. तार पहिल्या व शेवटच्या पडद्यावर दाबून सातव्या-आठव्या पडद्याजवळ तार व पडदा यांतील फट पाहावी, ती सु. ०.३ मिमी. असणे योग्य. सळईची किल्ली एका वेळी पाव फेऱ्याहून अधिक फिरवू नये व पुढील बदलापूर्वी दांडीला स्थिरावण्यास वेळ द्यावा. त्यानंतर बाराव्या पडद्यावरील दाबलेला स्वर व तेथीलच स्पर्शस्वर जुळतात काय हे पाहून घोडीवरील आधार पुढे-मागे सरकवितात. वादनानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसणे हा सर्वांत स्वस्त व सर्वांत उपेक्षित उपाय होय. टंचाईच्या काळात निस्तेज तारा काही मिनिटे पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या करून पुन्हा वापरण्याची युक्ती उपयोगी पडे. वेटोळ्यांतील मळ निघून काही दिवस ध्वनी उजळतो.

गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे, वाद्य बाहेरच्या भिंतीला न टेकविणे आणि आठवड्यातून एकदा तरी गवसणी उघडून वारा देणे, यांमुळे बुरशी व गंज आटोक्यात राहतात. कपाटात दिवा लावून ऊब देण्याची जुनी पद्धत आहे. मात्र दिवा वाद्याच्या निकट असल्यास एका बाजूचे लाकूड आकसून अपाय होतो.

विद्युत्-जोडणीकडे दुर्लक्ष झाल्यास वाद्यापेक्षा वादकाला अधिक धोका संभवतो. भारतातील वीजपुरवठा २३० व्होल्ट व ५० हर्ट्‌झचा आहे. अमेरिकेसाठी बनविलेले सु. १२० व्होल्टचे यंत्र योग्य रोहित्राशिवाय जोडल्यास जळते. मंडपातील तात्पुरत्या जोडणीत भूयोजनाची तार पुष्कळदा नसते. त्यामुळे तारांना व मायक्रोफोनला एकाच वेळी स्पर्श होताच झटका बसू शकतो. वीजप्रवाहाची गुणगुण ५० हर्ट्‌झवर असते आणि ई तारेच्या तिसऱ्या पडद्यावरील जी स्वर ४९ हर्ट्‌झचा असतो. तिच्या दुप्पट कंप्रतेची गुणगुण मोकळ्या जी तारेच्या ९८ हर्ट्‌झजवळ येते. इतर वाद्यांत वेगळी ऐकू येणारी ही गुणगुण बासच्या स्वरात लपते व त्याला बेसूर करते. भूयोजन नीट असणे हा म्हणून सुरेलपणाचाही भाग ठरतो.

निगेच्या मर्यादा २६ जुलै २००५ रोजी स्पष्ट झाल्या. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस झाला आणि कुर्ला, कलिना यांसारख्या भागांत तळमजल्यावरील घरे पाण्याखाली गेली. सरसाने जोडलेले वाद्य पाण्यात राहिल्यास सुटे होते, प्लायवूडचे थर उकलतात व पिकअपची बारीक तार गंजते. तेव्हापासून वाद्य जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवण्याचा धडा उपनगरांतील रहिवाशांनी इतर चीजवस्तूंप्रमाणेच घेतला.

संश्लेषकाचा प्रभाव : जपानमधील रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस ‘टीबी-३०३’ हे लहान यंत्र आणले. एकट्या सराव करणाऱ्या संगीतकाराला बासवादकाची उणीव भासू नये, हा त्याचा हेतू होता. चित्रपटांतील अनुभवी गिटार व संश्लेषकवादक चरणजितसिंग यांनी १९८२ मध्ये हेच यंत्र वापरून दहा रागांची डिस्को ठेक्यावरील ध्वनिमुद्रिका मुंबईत तयार केली. तेव्हा ती दुर्लक्षित राहिली. २०१० मध्ये तिचे पुनर्मुद्रण झाल्यावर जगभर तिची दखल घेतली गेली. यंत्रामुळे एका वादकाला नवे स्वातंत्र्य मिळाले, हे त्यातून दिसते. परंतु त्याच दशकात बहुपथ ध्वनिमुद्रण व कळफलकाचे संश्लेषक यांमुळे चित्रपटांचे मोठे वाद्यवृंद ओसरू लागले. बासचे काम कळफलकवादकाचा डावा हात किंवा संगणक करू लागला. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली येथील नवरात्रोत्सवांतही कळफलक व ऑक्टोपॅड यांनी खर्जाची जागा व्यापली. कळफलक पावसाळ्यात वाकत नाही, त्याची घोडी बदलावी लागत नाही. सोयीच्या कसोटीवर त्याचा विजय स्वाभाविक होता. मात्र प्रत्यक्ष वादनाचे काम घटताच वाद्ये कोपऱ्यांत पडून राहिली. न वाजविलेले वाद्य वाजविलेल्या वाद्यापेक्षा लवकर बिघडते.

सद्यःस्थिती : उदारीकरणानंतर बास गिटारी, तारा व सुटे भाग उपनगरांतील दुकानांत उपलब्ध झाले. मुंबईतील रॉक मशीन (१९८४) व तत्सम गटांनी आणि १९८६ पासूनच्या इंडिपेंडन्स रॉक महोत्सवाने नव्या श्रोत्यांना या वाद्याची ओळख करून दिली होती. मुंबईच्या मोहिनी डे (जन्म १९९६) यांनी बास गिटारला साथीच्या पलीकडील एकलवादनाचे स्थान मिळवून देत आंतरराष्ट्रीय कीर्ती संपादन केली. डबल बाससाठी बाँबे चेंबर ऑर्केस्ट्रा (१९६२) व राष्ट्रीय संगीत नाट्य केंद्रातील सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया (२००६) ही व्यासपीठे लाभली.

वाद्य मिळण्याची अडचण अशा रीतीने दूर झाली असली, तरी हवामान बदललेले नाही. टंचाईच्या पिढीने घोडी तासणे, सरस लावणे, दांडी सरळ करणे व तारा जपणे ही कौशल्ये गरजेपोटी आत्मसात केली होती. नवे वाद्य सहज मिळू लागल्याने ती शिकण्याची निकड उरली नाही, आणि ती फारशी लिहूनही ठेवली गेली नाहीत. व्हायोलिन व तंबोरा दुरुस्त करणारे विद्यमान कारागीर आणि संगीतशाळा यांच्यामार्फत या ज्ञानाची नोंद व प्रशिक्षण झाल्यास चित्रपटसंगीताच्या वैभवकाळातील जी वाद्ये अद्याप घरोघरी शिल्लक असतील, ती पुन्हा वाजती करणे शक्य आहे.